सशाचं बाळंतपण

नातीच्या मैत्रिणीनं पुण्यात चिंचिला पाळलाय. शेपूट लावलेला ससाच म्हणा. परवा त्याला खच्ची करून आणलं, आणि आता त्याची काळजी कशी घ्यायची ते नात मला फोनवर समजावत होती. मी ऐकून घेतलं. या विषयातला माझा अनुभव तिच्या जन्माआधीचा आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा आम्ही तेलगावात होतो. देशात सगळं नवं यायला लागलं होतं; आमच्या किराणा दुकानात शाम्पूसुद्धा पुडीत आला होता. ज्याला त्याला धंदा सुचायचा. माझ्या धाकट्या दिराला सशांचा सुचला. नर-मादीची जोडी घेऊन आला आणि जेवताना बोलून गेला, की ससे खाणाऱ्यांत लई खपतात. आमचं घर शिवभक्तांचं, अंडंसुद्धा कधी उंबरठा ओलांडून आत आलं नव्हतं. सासूबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. धंदा तिथंच संपला, ससे राहिले.

धंदा बंद झाल्याचं सशांना मात्र कुणी सांगितलं नाही. पिल्लांमागून पिल्लं. तलवाड्याची नणंद, नांदूरघाटची मावशी, सगळ्यांना वाटून झाली. निघताना हातात खोकं मिळतं म्हणून पाहुणे यायचे बंद झाले. शेवटी सासूबाईंनी अट घातली, "अजून एक वेत झालं की समदे बाजारात जातील. नर, मादी, समदे." बाजारात ससा कोण घेतं आणि कशाला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या नरावर माझा जीव होता. गव्हाळ रंग, एक कान कायम पडलेला. मी ज्वारी निवडायला बसले की सुपाला टेकून बसायचा. मी ठरवलं, याला खच्ची करायचं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात बैलांवर बसलेला. त्यांनी सशाला उलटा करून पाहिला, सरळ करून पाहिला आणि विचारलं, "वहिनी, ह्याला काय नांगराला जुंपायचाय का?" मी गंभीरपणे नाही म्हणाले. त्यांनी पुस्तक बघून सोमवारी आणायला सांगितलं आणि बजावलं, की उपाशी ठेवू नका, नंतरही लगेच खाऊ द्या. सशाचं पोट थांबलं की ससा जातो. लेंड्या पडतात का बघत राहा. आणि महिना-दीड महिना मादीपासून लांब ठेवा, तोवर पिल्लं होऊ शकतात.

मी बी.ए. झालेली होते. ऑपरेशनला उपाशीपोटी जायचं असतं, हे बैलांच्या डॉक्टरांना ठाऊक नसेल, मला होतं. मी आदल्या संध्याकाळपासून सशाचा पाला बंद केला. त्याला सोमवारचा उपास घडला म्हणून सासूबाईंनी त्याच्या कपाळाला विभूती लावली.

ऑपरेशन नीट झालं. पुढचं सगळं मी केलं. आमच्या घरात दवाखान्यातून टाके घालून आलेला जीव म्हणजे बाळंतीण. मला तेवढीच सेवा येत होती. सशाला बाजेवर निजवलं. खाली शेगडी, ओव्याची धुरी. पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा. डोक्याला टोपरं बांधायला गेले, कान मावेनात. समोर तूप घालून डिंकाचा लाडू ठेवला. ससा शिंकला आणि तोंड फिरवून बसला.

दुसऱ्या दिवशीही त्यानं तोंड उघडलं नाही. खाली अंथरलेलं पोतं कोरं होतं. तेव्हा मला डॉक्टर आठवले. मी पोत्याकडं बघत बसले. कुणाच्या पत्राचीसुद्धा मी इतकी वाट पाहिली नव्हती, जितकी त्या एका लेंडीची.

दुपारी सासूबाई शेतातून आल्या. त्यांच्या लुगड्याच्या ओट्यात भाकरीबरोबर खायला आणलेली पाथरीची भाजी होती. धूर बघून त्या दारातच थांबल्या. "ह्याला जगवायलीस का मारायलीस गं?"

शेगडी बाहेर गेली, पट्टा सुटला, लाडू दिरानं खाल्ला. सासूबाई खाली बसल्या आणि पाथरीचं एकेक पान सशाच्या नाकाशी धरत राहिल्या. बराच वेळ नुसतं नाक हललं. मग पानाची कड कुरतडली गेली. मग पान गेलं. दिवस मावळायच्या आत पोत्यावर लेंडी पडली. मी दुकानातून सगळ्यांना बोलावून दाखवली. त्यात दोन गिऱ्हाइकंही होती.

जखम भरली. ससा वेगळा, पालथ्या पाटीखाली राहायचा. का, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्याशिवाय कुणाला समजायचं नाही, असं मला वाटायचं. मी चार दिवस माहेरी गेले आणि सासूबाईंना त्याची दया आली. दुखण्यातून उठलेल्या नवऱ्याला बायकोपासून तोडायचं म्हणजे काय रीत झाली? त्यांनी त्याला मादीच्या खुराड्यात सोडलं.

महिन्याभरानं खुराड्याच्या कोपऱ्यात केसांच्या ढिगात पिल्लं वळवळताना दिसली. मी खाली मान घालून डॉक्टरांचं दीड महिन्याचं सांगणं सांगितलं.

"आन् हे आत्ता सांगायलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, अट..."

सासूबाईंनी ढिगावरचे केस सारखे करून पिल्लं झाकली. "हे वेत मोजायचं न्हाई. अट पुढच्यापासून."

पुढचं वेत झालंच नाही. सासूबाई मात्र त्यानंतर शेतातून पाथरीच्या दोन जुड्या आणायला लागल्या. माणसांची जुडी लहान असायची.