सिस्टर गाडीखाली जातात

नवरा सोडला तर अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई. सर्जनने हात पुढे केला, की न मागता नेमका चिमटा त्या हातात ठेवणारी. नवऱ्याचा जन्म छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेला. त्यांना सगळे ‘सिस्टरांचे मिस्टर’ म्हणत. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. एकदा कुणी पाकिटावर तसं लिहून पाठवलं, तेव्हा त्यांनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून घेतलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सिस्टर हॉस्पिटलच्या ओल्या जिन्यावरून पडल्या. डावा घोटा तीन ठिकाणी मोडला. हाडं जुळली, पण क्लच दाबायचं बळ काही त्या पायात परत आलं नाही. मिस्टरांना गाडी येत नव्हती, आणि शिकायचं नाव काढलं की त्यांना खोकला यायचा. शेवटी सिस्टरांनी एक जुनी, ऑटोमॅटिक गिअरची गाडी शोधून काढली. तिला क्लचच नव्हता, सगळा कारभार उजव्या पायावर. निवृत्त झाल्यावर ती गाडी घेऊन त्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायच्या, जखमा धुवून पट्ट्या बदलून द्यायच्या. आठवड्याला अकरा घरं.

मग गाडीच आजारी पडली. सकाळी गिअर टाकला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसे. चढावर इंजिन नुसतं ओरडे आणि गाडी विचार करत उभी राही. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून आणली आणि हात पुसत तो म्हणाला, “सिस्टर, गिअरबॉक्स गेला. गाडी काढून टाका.”

“त्यातलं तेल कधी बदललंय का?”

“यातलं तेल बदलत नाहीत हो. आयुष्यभराचं असतं.”

“कुणाच्या आयुष्यभराचं? गाडीच्या की माझ्या?”

गॅरेजवाला हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, “खरं सांगू? जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि दुसऱ्या दिवशी तो बसला, तर लोक माझ्या नावाने बोंब मारतात. म्हणून मी हातच लावत नाही.”

घरी येऊन सिस्टरांनी बॉनेट उघडलं, गिअरच्या तेलात बुडालेली मोजपट्टी बाहेर ओढली आणि पांढऱ्या कापसावर टिपली. हे तेल नवं असताना लालभडक असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. कापसावरचा डाग करपलेल्या काढ्यासारखा होता, आणि वासही तसाच.

“अहो, हे बघा. जखम सडलीय आणि डॉक्टर पट्टी सोडायला तयार नाही.”

मिस्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “पण तो म्हणतो तसं झालं तर? बदललं आणि बंदच पडली तर?”

“न बदलता तरी किती दिवस चालणार आहे?”

मिस्टरांनी कपाटातून गाडीचं पुस्तक काढलं. ते त्यांनी दोन दिवस पेन्सिल घेऊन वाचलं. सिस्टर सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आल्या. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने पुस्तकातला नंबर ताडून तेलाचे डबे दिले, आणि सल्लाही दिला. “मशीन लावून जोरात धुवायचं नाही. आपोआप पडेल तेवढंच पडू द्यायचं, तेवढंच नवं भरायचं. थोडे दिवस चालवा, मग पुन्हा तसंच. म्हाताऱ्या माणसाला एकदम गार पाण्याने आंघोळ घालतो का आपण?”

रविवारी सकाळी अंगणातल्या फरशीवर गाडीची पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. चार वाजता सिस्टरांना एका निवृत्त शिक्षकांच्या पायाची पट्टी बदलायला जायचं होतं. ती जखम एक दिवसही थांबणारी नव्हती. हाताशी सहा तास होते. जुना गाऊन, हातमोजे आणि केसांना रुमाल अशा थाटात सिस्टर पाठीवर सरकत गाडीखाली गेल्या. मिस्टर स्टुलावर पुस्तक उघडून बसले.

“पान एकशे बारा. ‘निचरा करण्याचा बोल्ट सैल करावा.’ ‘निचरा’मधला ‘नि’ दीर्घ छापलाय यांनी.”

“तो नंतर सुधारा. कुठला बोल्ट?”

“चित्र फार बारीक आहे गं. मधला दिसतोय.”

मधला बोल्ट तीन झटक्यांत सुटला. काळं तेल धार धरून तसराळ्यात पडलं. धार थांबल्यावर सिस्टरांनी बोल्ट पुसून परत बसवला आणि तेल मापाच्या बाटलीत ओतून मोजलं. सव्वाचार लिटर.

“पुस्तकात किती?”

“तीन लिटर आणि थोडं.”

“मग हे सव्वाचार कसं आलं?”

“मोजताना चुकलं असेल. भर आता. ऊन चढायला लागलंय.”

सिस्टर गाडीखालून बाहेर आल्या. थिएटरमध्ये कापसाचा एक बोळा मोजणीत कमी-जास्त झाला, तर मोठ्यातल्या मोठ्या सर्जनलाही त्यांनी टाका घालू दिला नव्हता. “मोजणी जुळल्याशिवाय बंद करायचं नाही,” त्या म्हणाल्या. बॉनेट उघडून त्यांनी गिअरची मोजपट्टी ओढली. ती आधी होती तेवढीच ओली. मग इंजिनची ओढली. कोरडी ठणठणीत.

“अहो, आपण इंजिनचं तेल काढलं!”

मिस्टरांचा चेहरा पडला. “मी म्हटलं, मधला. माझी चूक. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि...”

“तुमची नाही, चित्राची. आणि ‘भर’ म्हणालात तेव्हा मी भरलं असतं, तर गिअरबॉक्स तुडुंब आणि इंजिन उपाशी. दोन्ही गेली असती.” त्यांनाच हसू आलं. “आता पळा. इंजिनचं तेल आणा.”

मिस्टर सायकल घेऊन निघाले. त्यांनी गाडीचं नाव सांगून इंजिनचं तेल मागताच म्हाताऱ्या दुकानदाराला उमगलं. “मधला बोल्ट ना? पहिल्यांदा सगळेच तोच उघडतात. पण बहुतेकांना ते रस्त्यात इंजिन जाम झाल्यावर कळतं. तुम्हाला अंगणातच कसं कळलं?”

“घरात मोजणारी आहे,” मिस्टर म्हणाले. त्या वाक्याचा त्यांना परतताना, डबा हँडलला लटकवून पायडल मारताना, फार अभिमान वाटत होता.

खरा बोल्ट डावीकडे, आत दडलेला होता. तो सुटायला पाऊण तास लागला. त्याच्या टोकाच्या चुंबकावर करडा, मलमासारखा गाळ होता. सिस्टरांनी तो बोटांत चोळून बघितला. कण नाहीत, तुकडे नाहीत. नुसती झीज. “आतून शाबूत आहे हो,” त्या खालूनच ओरडल्या. करपलेलं तेल मोजलं तर तीन लिटर आणि थोडं. नवं, लाल तेल नरसाळ्यातून तेवढंच आत गेलं. इंजिनलाही त्याचं तेल मिळालं. मग गाडी चालू करून, रॅम्पवरून सपाट फरशीवर उतरवून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून त्यांनी गिअर एकेक करून सगळ्या जागांवर फिरवला, आणि इंजिन चालू असतानाच पातळी पुन्हा तपासली. जिथे हवी तिथे होती.

साडेतीनला सिस्टर निघाल्या. धक्का गेला नव्हता, पण कोपरखळीइतकाच उरला होता. शिक्षकांची मुलगी दारातच उभी होती. “आज वेळेच्या आधी?” सिस्टरांनी जखम उघडली. कडेने नवी, गुलाबी कातडी धरत होती.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेल बदलायचा रविवार आला. या वेळी धक्का असा नव्हताच; चढावर तेवढी गाडी किंचित घुटमळायची. सिस्टर हातमोजे शोधत अंगणात आल्या, तर ते मिस्टरांच्या हातांत. मिस्टर फरशीवर आडवे, डोकं गाडीखाली.

“अहो, हे काय चाललंय?”

“तुझा पाय दुखतो खाली वाकताना, मला काय दिसत नाही? तू वाच. मी उघडतो. पान एकशे बारा.”

सिस्टर स्टुलावर बसल्या. चष्म्याशिवाय त्यांना ते अक्षर लागत नव्हतं, म्हणून त्यांनी नवऱ्याचाच चष्मा लावला.

“कुठला बोल्ट, सांगा बरं?” त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं.

“डावीकडचा,” गाडीखालून आवाज आला. “आणि हे बघ, पुढच्या महिन्यापासून मी गाडी शिकणार आहे. हसू नकोस.”

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी पान सरळ केलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.