आवतण दिलेला हंसराज

आमच्या चिंचवडच्या मळ्यातल्या विहिरीत हंसराज उगवायचा. दगडांच्या सांध्यांत, जिथं ऊन पोचत नाही आणि पाणी झिरपत राहतं, तिथं त्याचे झुबके लोंबायचे. काडी काळी, केसासारखी बारीक. पान बदकाच्या पायासारखं. शाळेचे गुरुजी या जातीला नेचा म्हणायचे. माझी विधवा आत्या मात्र त्याला 'राजा' म्हणायची, तेही हात जोडून.

डांग्या खोकल्याच्या पोरांना ती त्याचा काढा द्यायची, खडीसाखर घालून. पार चऱ्होलीहून बाया यायच्या. आदल्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरून ती झाडाला अक्षता वाहायची, आजाऱ्याचं नाव सांगायची, "उद्या न्यायला येते" म्हणायची आणि दुसऱ्या पहाटे पानं खुडायची. आवतण दिल्याबिगर हात लावायचा नाही. या कामामुळं घरात तिचा शब्द चालायचा. नाहीतर भावाच्या दारी राहणाऱ्या विधवेला तेव्हा कोण विचारत होतं!

पिंपरीकडं नवे कारखाने उभे राहत होते. मी एका कंपनीत लागलो आणि डोक्यात हवाच गेली. लग्न ठरलं, तळेगावचे पाहुणे येणार म्हणून घराला चुना लावायला काढला. मी अतिशहाणा! गवंड्याला म्हटलं, विहीरपण खरवड आणि सांधे सिमेंटनं भरून टाक. त्या दिवशी आत्या आवतण देऊन चऱ्होलीला एका आजारी पोराजवळ बसायला गेली होती. तिला विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

दुसऱ्या पहाटे ती रिकाम्या हातानं विहिरीतून वर आली.

"आरं, म्या शबुद दिला व्हता. त्या पोराची आय वाट बगतीया."

मी तडकलो, "कंपनीचा डॉक्टर हाय की! पुरे आता तुझा पालापाचोळा."

मीच पोराला डॉक्टरकडं नेलं. पोर बरं झालं. मग बायाही तिकडंच जायला लागल्या. ओसरीवर बसणारी आत्या मागच्या दाराशी बसू लागली. मला वाटायचं, रागावलीय. रागावली असती तर बरं झालं असतं, खरंच.

लग्नानंतर एकदा मी ड्युटीवरून आलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "पोर बरं झालं, लई झ्याक झालं. पर मला कायतरी काम सांग रं."

मी हसलो. "आता कशाला काम? बस की निवांत, आत्या."

ती बसली. मरेपर्यंत बसूनच राहिली, आणि बस म्हणून सांगणारा मीच होतो.