थकवा मोजणारी जीप

संशयी माणसांत चार वर्षं काढा, किस्से गोळा करावे लागत नाहीत. गवतातून चालताना पँटीला कुसळं चिकटतात तसे ते आपोआप चिकटून घरी येतात. आणि मी तर अशा कामात होतो, जिथं संशय घेणं हीच नोकरी होती!

नव्वदच्या आसपास मुंबईच्या एका डॉक्टर मॅडमनी डहाणू-तलासरी भागात थकव्यावर संशोधन काढलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम! म्हणजे एखादा ताप येऊन जातो, माणूस बरा दिसायला लागतो, पण अंगातला थकवा वर्ष-दोन वर्षं हलत नाही. रक्त तपासा, एक्स-रे काढा, सगळं नॉर्मल. मग घरचे म्हणणार आळस, ऑफिसवाले म्हणणार नाटक. हा आजार कुणाला धरतो, कशानं धरतो आणि धरलेल्या माणसाला पुन्हा कामाला कसं लावायचं, हे मॅडमना शोधायचं होतं.

आम्ही तिघंच. मॅडम, फॉर्म भरणारा मी आणि जीप चालवणारे मगनभाई. कासा गावात दोन खोल्यांचं ऑफिस. लोकांना आमचा संशय, आम्हाला लोकांचा, आणि मुंबईच्या मुख्य ऑफिसला आम्हा सगळ्यांचाच!

पुढचं सगळं खरं आहे. निदान मागच्या वेळी सांगितलं तेव्हा तरी होतं.

*

पहिल्याच पाड्यावर देवजीकाका नावाच्या म्हाताऱ्यानं जीप अडवली. मॅडमनी अर्धा तास समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं, विडी शिलगावली.

"म्हंजे तुमी आमचा थकवा मोजणार?"

"हो काका."

"नि कागदावर लिवून न्हेणार?"

"हो."

काका मागे जमलेल्या लोकांकडे वळले. "मोजू द्या रे यांना! आजवर यांनी जमीन मोजली, ती कमी झाली. झाडं मोजली, ती कमी झाली. आता थकवा पण मोजू द्या!"

त्या पाड्यावर एका दिवसात सगळे फॉर्म भरून झाले!

*

आजाऱ्यांशी तुलना करायला धडधाकट माणसंही लागायची. ती शोधायला मी निघालो ऐन आवणीत! भाताची रोपं लावत कमरेत वाकलेल्या एका बाईला बांधावरून विचारलं, "मावशी, थकवा येतो का?"

तिनं वर बघितलं, आणखी एक रोप लावलं. मी फॉर्ममधला पुढचा प्रश्न वाचला. "विश्रांती घेतल्यावर तो जातो का?"

"कवा घेतली नाय," मावशी म्हणाली. "तू उतर खाली, माझ्या जागी लाव. मी घेऊन बघते नि सांगते!"

संशोधनासाठी माणसानं काय काय करायचं! मी पँट वर करून उतरलो. मावशी बांधावर आडवी झाली ती घोरायलाच लागली. तासाभरानं मॅडम शोधत आल्या, तेव्हा मी चिखलात कमरेवर हात ठेवून उभा, सरळ होता येईना.

"काय उत्तर मिळालं?" मॅडमनी विचारलं.

बांधावरून मावशीच बोलली, "माझा गेला, त्याला आला!"

*

थकव्याचं कारण मगनभाईंनी केव्हाच शोधलं होतं. चिकू! "बेन, आखं डहाणू जेवून चिकू खातं नि झोपतं. दुसरं काय नाय." रोज ऐकून ऐकून मॅडमनी शेवटी फॉर्ममध्ये ताप, झोप, पाणी, ताण यांच्या खाली चिकूचाही रकाना टाकला.

महिनाभरानं सगळे फॉर्म चाळले. जेवून, चिकू खाऊन रोज दुपारी झोपणारा सबंध तालुक्यात एकच माणूस निघाला. तो आमची जीप चालवायचा!

*

आता ताराबाई. जवळच्याच एका गावातल्या शाळेत शिक्षिका, भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला, तो गेला, थकवा राहिला. शाळांचे तपासनीस राऊतसाहेब यांना पक्का संशय, की बाई ढोंग करते. त्यांनी बदलीची ऑर्डर तयारच ठेवली होती. शाळा डोंगरावरची, एसटी सोडल्यावर दोन तास चढ! बाईंना तो चढ रोज जमणं शक्य नव्हतं, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा. त्यांची सगळी भिस्त मॅडमच्या रिपोर्टावर.

मॅडमना खात्री करून घ्यायची होती, म्हणून त्यांनी मला बाईंवर नजर ठेवायला पाठवलं. समोरच्या टपरीवर तीन दिवस बसलो. सात-आठ चहा पोटात गेले, पण कामगिरी फत्ते!

"मॅडम, ढोंग आहे! पहिल्या दिवशी बाईंनी शाळा केली, बाजार केला, दोन पिशव्या उचलून हसत हसत घरी आल्या. ठणठणीत!"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी दिसल्याच नाहीत."

"तिसऱ्या?"

"तिसऱ्याही नाहीत. म्हणून तर म्हणतो मॅडम, बाई पळून गेली!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग कागदावर "दुसरा दिवस, तिसरा दिवस" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

*

अच्छाडला रमणभाईंचा ढाबा. त्यांचीही तीच तक्रार. मॅडमनी त्यांच्या कमरेला पावलं मोजायचं यंत्र बांधलं. आठवड्यानं बघतो तर यंत्रावर इतकी पावलं, की माणूस चालत सुरतेला जाऊन परत आला असता!

मला लगेच संशय. ट्रकवाल्याला दिलं असणार! ढाब्यामागे त्यांच्या घरी आम्ही तिघंही गेलो, तर रमणभाई झोपाळ्यावर आडवे आणि यंत्र झोपाळ्याच्या कडीला लटकलेलं.

"कंबरेला टोचते हो," रमणभाई म्हणाले. "नि मी तर आखा दिवस इथंच असतो. म्हटलं, तिकडं बांधलं काय नि इकडं बांधलं काय, सारखंच!"

मगनभाईंनी हलणाऱ्या झोपाळ्याकडे बघितलं. "बेन, दवा तो या झोपाळ्याला द्या!"

*

तरी सगळ्यात मोठी चूक आमचीच! आम्ही रुग्ण तपासायचो कासाच्या बाजारादिवशी, कारण त्या दिवशी पाड्यापाड्यांवरून जीप भरून यायच्या. आणि तपासावं तो माणूस टवटवीत! मुंबईहून पत्र आलं, "तुमच्याकडे रुग्ण आहेत की नाहीत?"

शेवटी मॅडमनी एका म्हातारीला खोदून विचारलं. ती लाजली. "तुमच्याकडं यायचं म्हणून दोन दिस झोपून काढते नि मग येते. डॉक्टरकडं जायचं तं जरा बरं दिसाया नको?"

"आणि इथून गेल्यावर?"

"मंग काय, तीन दिस उठतंय कोण!"

म्हणजे वर्षभर आम्ही नेमका चुकीचा दिवस तपासत होतो! तेव्हापासून मॅडमनी नियमच केला. काम करायला लावायचं आज आणि तपासायचं परवा.

*

हा नियम राऊतसाहेबांना कोण सांगणार? ते एका सकाळी बदलीची फाईल काखेत मारून आमच्या ऑफिसात हजर. ताराबाईंना बोलावून घेतलं. "मागची टेकडी चढून दाखवा!"

बाई गेल्या, चढल्या, उतरून आल्या. धापसुद्धा नाही!

"बघा! रिपोर्ट-बिपोर्ट राहू द्या. उद्या सुट्टी, परवा सही करतो."

"परवाच करा," मॅडम म्हणाल्या, "पण आधी बाईंना बघून मग."

ताराबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, परवा सकाळी नऊला माझ्याकडे चहाला या."

साहेबांना नवाच संशय! चहा पाजून सही अडवणार! रंगेहाथ पकडायचं म्हणून ते आठलाच निघाले. साक्षीदार म्हणून मी, जीप मगनभाईंची. आम्हाला बाहेर बसवून साहेब फाईल घेऊन आत घुसले. दार नुसतं लोटलेलं.

खिडकीतून सगळं दिसत होतं. बाई खाटेवर, डोळ्यांवर ओला रुमाल.

"उठा बाई, नाटक पुरे!"

बाईंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग एक बोट तेवढं ओट्याकडे वळलं.

ओट्यावर भरलेला स्टोव्ह, काडेपेटी, झाकलेल्या पातेल्यात पाणी, वाटीत मोजून साखर, वाटीत चहापूड, दोन कप उपडे. बाजूला चिठ्ठी, फळ्यावरच्यासारख्या गोल अक्षरात. साहेबांनी मोठ्यानं वाचली.

"साहेब, टेकडीवरून आल्या आल्या हे लिहून ठेवते आहे. तुम्ही वाचाल तेव्हा मला उठता येत नसेल. चहा तुम्हीच करून घ्या. मला अर्धा कप."

चिठ्ठी ठेवून साहेब ओट्याशी वाकले. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

"साहेबला स्टव पेटवता येते के?" मगनभाई कुजबुजले.

थोड्या वेळानं साहेब दारात आले. हातात वाफाळतं पातेलं. सांडशी सापडली नसावी, पातेलं बदलीच्या फायलीत धरलेलं. चहा उतू जाऊन फायलीवर ओघळत होता.

"अहो, बघत काय बसलात?" साहेब ओरडले. "गाळणं कुठं ठेवतात या?"