चारात एक

काकी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि मागे ती फिरत्या चाकावर काच धरून तिला फ्रेमच्या मापात बसवायची. चाकावर सतत पाणी ठिबकायचं, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं बारा महिने सुरकुतलेली. दुकानात सगळे तिला काकीच म्हणत. मालकही म्हणायचा, खरं तर तो तिच्याहून चांगला मोठा होता.

मंगळवारी दुपारी रक्तवाली बाई दुकानाच्या दारात दिसली, तेव्हा काकीला वाटलं, चष्मा करायला आली असेल. पण बाई काउंटर ओलांडून सरळ मागच्या खोलीत आली.

रक्तवाली बाई हे नाव काकांनी ठेवलेलं. काका म्हणजे काकीचा नवरा, लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस; जगातल्या प्रत्येकाला टोपणनाव दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. स्वतःच्या मुलालाही त्यांनी सोडलं नव्हतं. जन्मला तेव्हा तो इतका गुबगुबीत होता, की काकांनी त्याचा भोपळ्या करून टाकला. सहा महिने भोपळ्या सगळ्या मुलांसारखा हसला, पालथा पडला, बसायलाही लागला. मग एके दिवशी त्याच्या हातापायांना झटके यायला लागले. झटके वाढत गेले आणि जे जे शिकला होता ते ते तो विसरत गेला. आधी बसायचं, मग हसायचं. अंगावर मांस उरलं नाही तरी नाव भोपळ्याच राहिलं. ते बदलायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं तरी धीर झाला नसता.

"आमच्या घरात असलं कधी कुणाला नव्हतं हो," जाऊबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्या 'आमच्या'त काकी नव्हती, हे काकीला बरोबर कळायचं.

त्या काळात ही रक्तवाली बाई मोठ्या हॉस्पिटलच्या मागे, पूर्वी मोडक्या खाटा ठेवायच्या त्या खोलीत काम करायची. एक फ्रिज, एक नळ, एक स्टूल. तिघांचं रक्त तिने स्वतः काढलं. मग कागदावर सगळ्या घराण्याचं झाड काढलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. भोपळ्याचा चौकोन तिने काळा केला तेव्हा काकीने मान फिरवली.

"तुमच्या दोघांत एकेक दोष लपलेला असावा," बाई म्हणाली होती. "एकेकटा असतो तेव्हा काही करत नाही. दोघांचा एकत्र आला की मूल आजारी होतं. पुढच्या प्रत्येक मुलाला तोच धोका. चारात एक."

त्यातला 'असावा' हॉस्पिटलच्या फाटकापर्यंतही टिकला नाही. घरी पोचला तो 'चारात एक'.

भोपळ्या पाचवं लागायच्या आत गेला. वर्षभराने काकांनी विषय काढला. "चारात एक वाईट, म्हणजे चारात तीन चांगलीच की. आमच्या लिफ्टसुद्धा याहून जास्त वेळा अडकतात, लोक बसतातच ना?"

"मला पुन्हा एकदा ते बघवणार नाही," काकी म्हणाली.

काकांनी पुन्हा विचारलं नाही. महिन्याभराने सुट्टीच्या दिवशी एकटेच हॉस्पिटलात जाऊन ऑपरेशन करून घेऊन आले. दारातून जरा फेंगडे चालत आत आले आणि म्हणाले, "लिफ्ट बंद. कायमची. जिना वापरावा." काकी खळखळून हसली. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच बसली.

पुढे रक्तवाली बाई मोठी होत गेली. त्या खाटांच्या खोलीचा आधी अर्धा मजला झाला, मग अख्खा. ज्या कामाला वर्ष लागायचं ते नव्या यंत्रांवर दिवसात व्हायला लागलं. तिची एक खोड मात्र पहिल्या खोलीपासूनची होती. उत्तर न सापडलेल्या घराचा कागद तिने कधी मिटवून ठेवला नाही. अशी सगळी जुनी रक्तं ती थंड पेट्यांत जपायची, आणि दर वर्षी, जगात तोवर जे नवं कळलं असेल त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून ताडून बघायची. बरोबरीचे लोक हसायचे, म्हणायचे, बाई शिळी कढी उकळतेय. पण त्या शिळ्यातूनच एकेक उत्तर वर यायला लागलं. मग दूरदूरच्या हॉस्पिटलांनी तिची रीत उचलली आणि हजारो आईबापांना आपल्या मुलाच्या दुखण्याचं नाव कळलं. तिला पदकं मिळाली. पेपरात फोटो आला की काका चहा पिता पिता म्हणायचे, "तुझ्या रक्तवालीला अजून एक ताट मिळालं बघ. आता वाट्याही देतील."

आता ती काकीच्या समोर उभी होती. केस पांढरे, हातात साधी कापडी पिशवी. काकीने स्टूल पुसून दिलं.

"भोपळ्याचं उत्तर सापडलं," बाई म्हणाली. तिला नाव आठवत होतं.

काकीने चाक बंद केलं.

"मूल तयार होताना, शरीर कसं घडवायचं याचा आईबापांकडचा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो," बाई सांगत होती. "काही अब्ज अक्षरं. उतरवताना चुका होतात. प्रत्येक माणसात होतात. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. बहुतेक कुठेतरी निरुपद्रवी जागी पडतात. त्याची एक वाईट जागी पडली."

"म्हणजे माझ्याकडून आलं नाही?"

"नाही."

"ह्यांच्याकडून?"

"नाही. तुमचं दोघांचं रक्त पुन्हा तपासलं. दोघांतही ते नाही. ते त्याच्यापाशीच सुरू झालं आणि त्याच्यापाशीच संपलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकीला छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. एक श्वास. दुसरा घ्यायच्या आधीच तिच्या लक्षात आलं.

"मग पुढच्याला धोका..."

"जवळजवळ नव्हता. शंभरात एखाद्याला, फार तर."

"चारात एक नव्हता."

"नव्हता."

"काकी, ती जाड नंबरची काच झाली का?" पुढून मालक ओरडला.

"होतोय," काकी म्हणाली.

बाईने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तेव्हा मी तुम्हा दोघांना सांगितलं होतं. आताही तुमच्या मिस्टरांना मीच सांगते."

"नको. त्यांना नको."

"बरं. घरात आणखी कुणाला कळायला हवंय का? ते तुम्हीच ठरवायचं. मी परस्पर कुणाला सांगणार नाही."

"कुणाला नाही," काकी घाईने म्हणाली. आणि म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर पुतणी उभी राहिली.

पुतणी म्हणजे जाऊबाईंची मुलगी. लहानपणी झटका आला की भोपळ्याचे पाय हीच धरून बसायची. लग्न झालं, नवरा शांत आणि चांगला मिळाला, पण मूल नको यावर ती अडून बसली. "तुला तसा धोका नाही गं," असं डॉक्टरांनी समजावून झालं होतं. पण घरात एकदा आकडा शिरला की तो ढुंगणाला लाथ मारली तरी निघत नाही. येत्या सोमवारी तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तेच, काकांनी करून घेतलं होतं ते.

बुधवार गेला, गुरुवार गेला. पुतणीला गुपचूप सांगावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत जाऊबाईंना कळणार आणि रात्रीच्या जेवणापर्यंत काकांना. तिला सांगणं म्हणजे त्यांना सांगणंच. आणि काका आता निवृत्तीला आलेले, झालं ते झालं म्हणून कधीच मोकळे झालेले. शेजारच्यांच्या मुलांना स्क्रू-ड्रायव्हर धरायला शिकवायचे आणि खूश असायचे. या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमचं ऐकायला हवं होतं? त्या आठवड्यात काकीने दोन काचा बिघडवल्या. मालकाने न रागावता नव्या काचा काढून दिल्या, आणि तेच तिला जास्त लागलं.

रविवारी पुतणी आणि जावई आले. जावई चहाच्या कपाकडे बघत बसला होता. काकांनी त्याची फिरकी घेतली.

"घाबरतोस काय लेका? दोन दिवस बदकासारखं चालायचं, तिसऱ्या दिवशी माणसासारखं. कुणी विचारलं तर सांग, चप्पल चावली."

"काका, पुरे हो," पुतणी हसत म्हणाली.

"अगं, त्याला धीर देतोय. माझ्याकडे बघ म्हणावं. इतकी वर्षं झाली, काही बिघडलं?"

"बिघडलं," काकी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने नजर पुतणीवर ठेवली. दुसरीकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. बाईने सांगितलेलं सगळं तिने तसंच सांगितलं. उतरवताना होणाऱ्या चुका, दोघांचं पुन्हा तपासलेलं रक्त, शंभरात एखादं. पुतणीने तोंडावर हात दाबला आणि ती मोठ्याने रडायला लागली. जावई उठून तिच्यामागे उभा राहिला.

"कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"मंगळवारी."

काकांनी मान डोलावली. मग जावयाला म्हणाले, "उद्या जाऊ नकोस. आत्ताच फोन करून कळव." आवाज कामावरचा होता, खाली माणसं उभी असताना वरून सूचना द्यावी तसा. ते आतल्या खोलीत गेले आणि दोघं निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

"मला आधी सांगायचं होतंस," नंतर ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर?"

"तर मी तुला म्हटलं असतं, त्या पोरीला सांग. आणि मग तुझ्याशी बोललो नसतो." पुढचे तीन दिवस ते खरंच बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "मला त्या बाईंना भेटायचंय." रक्तवाली म्हणाले नाहीत.

बाईच्या मजल्यावर खोकी रचून ठेवली होती. महिनाअखेरीस ती निवृत्त होत होती. भिंतीवर पदकं काढल्याच्या चौकोनी खुणा होत्या. तिने स्वतः दोन खुर्च्या ओढून दिल्या. काका खुर्चीच्या कडेवर बसले.

"एकच विचारायचंय. दुसरं झालं असतं, तर ते नीट असतं?"

"शंभर टक्के असं मी कुठल्याच..."

"ते मला समजलंय. मी साधं विचारतोय."

बाईने चष्मा काढून हातात धरला. "हो," ती म्हणाली. "नीट असतं."

काकांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "म्हणजे तेव्हा तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत."

"नाही. चुकीचं सांगितलं. तेव्हा मला तेवढंच कळत होतं, आणि मी ते फार खात्रीने सांगितलं."

काकी काकांच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं, आता ते ओरडतील, आणि ओरडले तर बरं होईल. ते ओरडले नाहीत.

"अशी अजून घरं आहेत?" त्यांनी विचारलं. "आमच्यासारखी?"

"आहेत. त्या काळात मी बऱ्याच जणांना तसंच सांगितलं होतं. जायचं आहे सगळीकडे."

"मग एक करा," काका उठता उठता म्हणाले. त्यांचा हात काकीच्या खांद्यावर होता, आधारासाठी की आणखी कशासाठी, ते तिला कळलं नाही. "दोघांना एकत्र बसवून सांगा. ही आठवडाभर एकटीच होती."