थ्री फिफ्टीन कमी पडली का?

"ही ठेवून घ्या आन् हिच्यापेक्षा मोठी द्या," ज्ञानदेवराव म्हणाले. "किती मोठी ते तुमी ठरवा."

त्यांनी रायफल माझ्या टेबलावर ठेवली. मी सवयीनं आधी बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बघितली. रिकामी होती. रायफल थ्री फिफ्टीनची, लायसन्सवर आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारी. नीट तेल दिलेली. जिवाला जपावी तशी जपलेली.

मी फौजेत आर्मरर होतो. म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. रिटायर झालो आणि बारामतीत लायसन्स घेऊन दुकान टाकलं. गिऱ्हाईक येतं ते बहुतेक साफसफाईला, नाहीतर काडतुसं घ्यायला. कॅलिबर बदलून मागणारा क्वचित. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतली रुंदी. थ्री फिफ्टीनची ती साधारण आठ मिलिमीटर असते.

"मोठी कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"डुकराला."

आपल्याकडं शिकार बंद आहे. पिकात शिरणारं रानडुक्कर तेवढं, वनखात्याची परवानगी असेल तर, मारता येतं. ज्ञानदेवराव लासुर्ण्याचे. त्यांच्या उसात आणि मक्यात कळप उतरायचा. परवानगी त्यांच्याकडं होती.

"डुकराला थ्री फिफ्टीन भरपूर होते," मी म्हणालो.

"न्हाय हो साहेब. कमी पडली. म्हणून तर माझा दादा गेला."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षीची गोष्ट. दुपार कलली होती. थोरले भाऊ किसनराव मक्याच्या पलीकडच्या अंगाला डुकरं उठवायला पत्र्याचा डबा वाजवत होते. हे अलीकडं बांधावर रायफल घेऊन. मोठं डुक्कर आडवं बाहेर निघालं. यांनी बार काढला. डुक्कर किंचाळलं, पण पडलं नाही. उलटं मक्यात घुसलं आणि थेट किसनरावांवर गेलं. सुळ्यानं मांडी फाडली. इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अंगात रक्त राहिलं नव्हतं.

"डुक्कर सापडलं का?"

"सापडलं. दुसऱ्या दिशी, ओढ्याच्या वगळीत मेलेलं."

"गोळी कुठं लागली होती?"

"पोटात. मागल्या अंगाला. आरपार."

मला जे कळायचं ते कळलं. गोळी आरपार गेली, म्हणजे जोर कमी नव्हता. जागा चुकली होती. मागं पोटात लागलं तर कुठलीही गोळी डुकराला जागेवर पाडत नाही. मी हे त्यांना सरळ सांगितलं.

"तुमी मापं सांगताय," ते म्हणाले. "मला सांगा, मोठी हाय का न्हाय?"

होती. एका जुन्या शिकाऱ्याच्या वारसांनी विकायला ठेवलेली नाइन पॉइंट थ्री, म्हणजे नऊ मिलिमीटरच्याही वरची. जर्मन बनावटीची, देखणी. हे कॅलिबर आपल्याकडं फार कुणाकडं नाही. गोळी जाड आणि जड. गवा, अस्वल असल्या जनावरांसाठी, शिकार चालायची त्या काळी, लोक घ्यायचे. काडतुसं बाहेरून येतात, आली तर आली. हिच्याबरोबर आलेलं एक जुनं पाकीट माझ्याकडं होतं. खांद्याला बसणारा धक्काही मोठा.

ज्ञानदेवरावांनी ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला. वर्षभरात हा माणूस पहिल्यांदाच नीट श्वास घेतोय, असं मला वाटलं. ती तिथंच विकता आली असती. पण न चालवता रायफल द्यायची नाही, हा माझा नियम आहे. मी म्हणालो, "दोन्ही रायफली रेंजवर चालवून बघू. मग बोलू."

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आधी मी त्यांची थ्री फिफ्टीन चालवली. वाळूच्या पिशवीवर टेकवून, सावकाश. सगळ्या गोळ्या कागदावर एका ठिकाणी गेल्या. रायफल सरळ होती. मग तीच त्यांच्याकडं दिली. त्यांच्या गोळ्या खाली आणि बाजूला पसरल्या. नाइन पॉइंट थ्रीनं तर त्यांनी कागदच चुकवला.

"नवी हाय," ते म्हणाले. "हाताला बसंल."

अशा वेळी आम्ही एक चाचणी करतो. नेमबाजाला न सांगता खऱ्या काडतुसांत एक डमी घालायचं, म्हणजे बारूद नसलेलं. ट्रिगर दाबला की नुसता टक आवाज होतो. धक्का नसतो. तेव्हा रायफल हलली, तर ती माणसानं हलवलेली असते. मी त्यांच्या थ्री फिफ्टीनमध्ये डमी भरलं.

त्यांनी नेम धरला. टक. धक्का नव्हता, तरी नळीचं तोंड खाली दबलं आणि त्यांची मान बाजूला फिरली. धक्क्याच्या भीतीनं शरीर आधीच आक्रसतं. चांगल्या चांगल्या जवानांना हे होतं. लहान कॅलिबरवर सराव केला तर जातं. मोठ्या कॅलिबरनं वाढतं.

ज्ञानदेवरावांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी रायफल खाली ठेवली.

"साहेब, त्या दिशी बी माझा हात असाच दबला आसंल का?"

"ते नाही सांगता येणार," मी म्हणालो. "ही सवय त्या दिवसाआधीची की त्या दिवसानंतर लागलेली, हे चाचणीत कळत नाही."

ते खरंच होतं. मला त्यात थोडी जागा दिसत होती, त्यांना उभं राहायला.

त्यांनी रायफल उचलून खोळीत घातली. मग म्हणाले, "वहिनीला म्या सांगितलंय, बंदूक कमी पडली म्हणून. आता खरं सांगाया पायजे. तुमी संगट चला."

मी लासुर्ण्याला गेलो. पार्वतीवहिनी गोठ्यापुढं वैरण तोडत होत्या. ज्ञानदेवराव उभ्या उभ्याच बोलले. "वहिनी, बंदुकीत काय खोट न्हाय. माझा हात दबतोय. त्या दिशी दबला का न्हाय, ते साहेबास्नी बी सांगता येत न्हाय."

वहिनींनी कोयता खाली ठेवला.

"मला ठावं हाय भावजी," त्या म्हणाल्या. "मी पाणी घिऊन तुमच्या मागंच आलेवते. बार निघायच्या आधीच तुमी मान फिरवली."

"मग तुमी बोलला का न्हाय, वहिनी?"

"बोलून काय हुणार व्हतं? ह्यास्नी कुणी माघारी आणलं असतं व्हय? एक गेला. म्हटलं, दुसरा तरी घरात ऱ्हाऊ द्या."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्ञानदेवराव खाली बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. वहिनींनी आम्हाला चहा ठेवला. तो मी एकट्यानंच प्यायला.

नाइन पॉइंट थ्री पुढं नागपूरकडच्या एका हौशी माणसानं नेली. थ्री फिफ्टीन ज्ञानदेवरावांनी मला विकून टाकली, लायसन्स परत केलं. आता ते इंदापुरात हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर कामाला आहेत. गावी जात नाहीत. वहिनी दिवाळीला जाऊन त्यांना बोलावून आल्या. ते "येतो" म्हणाले आणि आले नाहीत. वहिनींनी मका करणं सोडलं. उसात डुकरं अजून येतात.

धंद्यापुरतं मी एवढं शिकलो. रेंजवरचा निकाल रेंजवरच सांगावा आणि कागद गुंडाळून आपल्या घरी यावं. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये.