पौषातलं ऊन

पहिली वाफ मला मे महिन्यात आली, आणि तिथंच सगळं चुकलं. वर्ध्याला मे महिन्यात एखादी बाई लालबुंद होऊन घामानं निथळायला लागली, तर तिला काय झालंय असं कोणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊकच असतं. ऊन लागलं.

त्यात मी कोकणातली. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन इकडे आले. नवरा सूतगिरणीत फिटर. पिपरी मेघेला एका शेतकऱ्याच्या घरात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि तिथंच माझी दोन्ही मुलं झाली, वाढली, शिकून बाहेर पडली. आजूबाजूच्या शेतांत बंगले उभे राहिले. घरमालकीणबाईंना मी काकू म्हणायचे, आणि इतकी वर्षं झाली तरी काकूंच्या लेखी मी नवीनच. आल्यागेल्याला सांगायच्या, "कोकनातली आहे ते. नारळासारखी. वरून टणक दिसते, आत सारं पानीच."

तर ते पाणी आता बाहेर यायला लागलं होतं. आधी छातीत कोणीतरी शेगडी पेटवायचं. मग आच गळ्यावरून कानांपर्यंत चढायची, वरच्या ओठावर घाम फुटायचा, आणि बघता बघता मानेपासून पाठीपर्यंत धार. थोड्या वेळानं सगळं ओसरलं की मी पिळायच्या राहिलेल्या फडक्यासारखी बसून राहायचे.

काकूंनी मला ताब्यात घेतलं. जाणत्या बाईला असा बेवारस रोगी मिळाला की ती सोडत नाही. एक कांदा सोलून माझ्या पोलक्यात ठेवला, उन्हाची झळ तो ओढून घेतो म्हणून. झळ ओढली की नाही देव जाणे, पण नवरा म्हणाला, "तू जवळ आलीस की मला भजी खावीशी वाटतात." मग काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले. कैरीचं पन्हं इतकं पाजलं की दात आंबले. शेवटी हिंगणीकडच्या त्यांच्या शेतावरून वाळलेली पळसाची फुलं आली, ती रात्रभर भिजवून त्या पाण्यानं मला न्हाऊ घातलं. मी केशरी होऊन बाहेर आले. दारात दूधवाला उभा. तो म्हणाला, "होळी तं होऊन गेली नं, वहिनी?"

डॉक्टरकडेही नेलं. त्या दिवसांत दवाखान्यात बाकावर बसलेला प्रत्येक जण उन्हानंच आलेला असायचा. डॉक्टरांनी मान वर न करता लिहून दिलं, उन्हात फिरू नका. काकू विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होत्या.

मी ऐकून घेत होते, कारण मला ते खरं असायला हवं होतं. दुसरं जे मनात येत होतं त्याचा उच्चार करायची माझ्यात हिंमत नव्हती.

माझी आई गेली तेव्हा मी पहिलटकरीण होते. गरोदर बाईला असलं कळवू नये म्हणून मला कळवलंच नाही. बाळंतपणानंतर भाऊ एवढा लांबचा प्रवास करून आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, आई गेली. कशानं गेली, विचारलं तर म्हणाला, "शेवटी शेवटी तिच्या अंगाची नुसती आग आग व्हायची." तेवढ्यात बाळ रडलं, चहा उतू गेला, आणि पुढचं विचारायचं राहिलं ते राहिलंच. आई तेव्हा माझ्या आताच्याच वयाची असेल.

म्हणजे मी पोलक्यात कांदा घेऊन बसले होते आणि मनात तेराव्याचा स्वयंपाक ठरवत होते. वडे घालायचे की नुसते लाडू. माझ्यामागे नवरा दुसरी करील का, याचाही विचार केला. मग त्याच्या घोरण्याचा विचार केला आणि जिवाला जरा बरं वाटलं.

पाळी तर केव्हाच मनाची राणी झाली होती. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की नको असलेल्या पाहुण्यासारखा मुक्काम. पण ही वाफ आणि ती पाळी एकाच घरच्या आहेत, हे मला कोण सांगणार? शरीराचा धडा म्हणे आठवीच्या पुस्तकात होता. मी सहावीत शाळा सोडली, खाडीपलीकडच्या शाळेत नेणारी होडी बंद झाली म्हणून. तेव्हापासून हे शरीर मी न शिकताच चालवत आले होते. नंतर मुलीचं आठवीचं पुस्तक हौसेनं उघडून बघितलं, तर त्यात बेडूक होता.

उन्हाळा गेला. पाऊस गेला. दिवाळी झाली. काकू म्हणाल्या, मुरलेलं ऊन आहे, निघायला वेळ लागतो. मग थंडी पडली, बायका दोन-दोन स्वेटर घालून फिरायला लागल्या, आणि मी पंखा लावायचा, नवऱ्यानं बंद करायचा, असा आमचा संसार सुरू झाला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंकडे बसले होते. काकू मला कुंकू लावायला वाकल्या आणि नेमकी तेव्हाच शेगडी पेटली. कुंकू कपाळावरून निघालं ते नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलं. काकू हातातलं ताट घेऊन तशाच उभ्या.

"आता पौषात ऊन कुठून आनलं वं तू?"

मला रडूच फुटलं. बायका गेल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं, आईचं, भावाच्या त्या वाक्याचं. काकूंचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला बघितला.

"मले काय मालूम, माय," त्या म्हणाल्या. "माही तं पिशवीच काढून टाकली होती पस्तिशीत. मी आपली सारं ऊनच समजून राह्यली. हे पाळी जायचं तं नसन?" मग पदर खोचला. "तुह्या मायचं कोनाले ठाऊक असन?"

"थोरल्या बहिणीला, ताईला."

"मंग तिले फोन लाव. काऊन बसून राह्यली? ऊठ."

चौकातल्या एसटीडीत सुट्टीमुळे ही मोठी रांग. आधी ताईच्या गावातल्या दुकानात फोन लावायचा, तिला बोलवायला सांगायचं, आणि मग पुन्हा रांगेत उभं राहायचं. ती घरापासून दुकानापर्यंत चालत येईपर्यंत मी तीनदा मेले.

शेवटी काचेच्या केबिनमध्ये शिरले. दार लावून घेतलं, ताईचा "हलो" ऐकला, आणि त्या बंद खोक्यात वाफ जी उसळली! काच धुरकट झाली. मी लाथेनं दार उघडलं. काकूंनी ते पायानं अडवून धरलं. त्यामुळे माझं आणि रांगेचं एकच बूथ झालं.

"ताई, मला गरम होतंय!"

"काय होताय?"

"ग-र-म! अंगातून वाफा येतात! थंडीत!"

तिकडून नुसती खरखर. मग दबका आवाज, "दुकानात मान्सा हायत गो."

"इकडेपण आहेत! आईला असंच व्हायचं का?"

"हां."

"पाळी जायच्या वेळेला?"

खरखर. दुकान तिच्या चुलतदिराचं होतं, आणि तो वजनं हातात धरून ऐकत उभा असणार, हे मला इथून दिसत होतं. "हां गो, हां."

माझ्या मागे रांगेत एक मिशीवाले गृहस्थ खोकले आणि आभाळाकडे बघायला लागले. मी डोळे मिटले.

"मग आई त्यानंच गेली का?"

बूथवाल्यानं रेडिओ बारीक केला. कडेवर मूल घेतलेली एक पोरगी काकूंचा दंड धरून पुढे वाकली.

आणि ताईनं दुकान, दीर, वजनं, सगळं सोडून दिलं. "खुळी काय गो तू? तिला कावील झालेली! डोले हळदीसारखे पिवले, नखा पिवली! पाली जाऊन कोन मरता? तसा असता तर गावात एक म्हातारी उरली नसती!"

काकूंनी माझं तोंड बघितलं आणि घाबरून विचारलं, "काय म्हनते?"

"कावीळ."

काकू रांगेकडे वळल्या आणि निकाल जाहीर केल्यासारख्या ओरडल्या, "कावीळ होती वं! कावीळ!"

"मंग बरं झालं," मिशीवाले गृहस्थ म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हंजे, वाईटच झालं. पन बरं झालं."

तिकडे ताईला आता हसू आवरत नव्हतं. "आयशीला चार वर्सां होता ता. भर दुपारी विहिरीवर जायची नि लुगड्यासकट कलशी डोक्यावर ओतायची. बाबा बोलायचे, हिच्यापरास म्हस बरी, दूध तरी देता. माजा पन अजून चाललाय."

"तुला होतंय? मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलास कधी?"

बाहेर आले तर बूथवाला माझ्याकडे नाही, गल्ल्याकडे बघत हळूच म्हणाला, "आमच्या घरी बी हेच चालू आहे, वहिनी. मले वाटे ते माह्यावरच तापून राह्यली." आणि ती कडेवर मूल घेतलेली पोरगी आपला नंबर सोडून काकूंना विचारत बसली की तिच्या सासूचं जे चाललंय ते हेच असेल का, की सासू मुळातच तशी आहे. काकूंनी ताबडतोब मत दिलं. तासा-दोन तासांपूर्वी त्यांना या विषयातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात काकूंनी काटक्यांची शेकोटी पेटवली, शाल पांघरली आणि मला समोर बसवलं. आई आता मला वेगळीच दिसायला लागली होती. इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांपुढे अंथरुणावर जळत पडलेली असायची. आता ती विहिरीवर उभी होती, ओलीचिंब, वडिलांना शिव्या देत.

तेवढ्यात वाफ आली. छाती, गळा, कान. घाबरायची सवयच लागली होती, म्हणून आधी घाबरले. मग उठले, न्हाणीशेजारची भरलेली बादली उचलली आणि लुगड्यासकट डोक्यावर ओतली.

पौषातलं पाणी ते. मी अशी किंचाळले की शेजारच्या बंगल्यात दिवा लागला.

"निमोनिया होऊन मरशीन वं!" काकू ओरडल्या.

"चालेल, काकू! तो आमच्या घराण्यात कोणालाच झालेला नाही!"

काकू शाल बाजूला ठेवून उठल्या, बादलीच्या तळाशी उरलेलं पाणी लोट्यात घेतलं आणि म्हणाल्या, "थांब मंग. मांगून कोरडीच राह्यली तू."