जळालेली क्लच प्लेट

प्लेट बाहेर काढली तर तिचा कोळसा झालेला. बोटानं खरवडलं की काळा भुगा खाली पडत होता. आत्मारामजी गॅरेजच्या दारातून पाहत होते. शेंदूरजनाघाटचे माळी, संत्र्याचा मोठा बगीचा, डोक्याला पांढरा पटका.

"पाहा मिस्त्री. ही दुसरी प्लेट. ह्या ड्रायवरनं जाळली."

ड्रायव्हर म्हणजे त्यांचाच मुलगा, किसना. तो थोडा दूर, ट्रकच्या बॉनेटला टेकून उभा होता. सकाळपासून आत्मारामजींनी त्याला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. त्याला काही सांगायचं असलं तर ते मला सांगत.

महायुद्ध संपलं होतं, इंग्रज अजून जायचे होते. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी अमरावतीत बडनेरा रोडवरच्या गॅरेजात हेड मिस्त्री होतो. धंदा अकोल्याला शिकलो, पण पोट अमरावतीनं भरलं. त्या दिवसांत लष्कराच्या जुन्या गाड्या डिस्पोजलमध्ये विकायला निघत. लोक त्या घेत आणि पांदणीत, चिखलात, जिथं मोटर कधी गेली नव्हती तिथं घालत. आत्मारामजींचा ट्रक त्यातलाच. चारही चाकं ओढणारा, फोर बाय फोर.

क्लच म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिन फिरत असतं आणि चाकं उभी असतात. दोघांना हळूच जोडायचं काम क्लच प्लेट करते. ती घासत घासत पकडते. पटकन पकडली तर काही होत नाही. ओझं जास्त असलं आणि ती नुसतीच घासत राहिली, तर तापते आणि जळते. नवखा ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून बसतो, तेव्हा असं होतं. पण किसना नवखा नव्हता. तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर लष्कराच्या गाड्या चालवून आला होता.

"पहिली प्लेट कधी जळली?" मी विचारलं.

आत्मारामजी दारातून आत आले. मग म्हणाले, "श्रावणात. माही यमुना बाळंतपणाले आली होती. पहिलटकरीण. पोट दुखाले लागलं, सुईण म्हणे मूल आडवं हाय, अमरावतीले न्या. गाडी दारात होती. याच्या भरवशावर पोरीले गाडीत घातलं."

"मग?"

"चिखलातून निंगाली. नाल्यातही उतरली. समोरच्या दरडीवर काही चढली नाही. चार हात वर जाये अन् बंद पडे. शेवटी धूर निंगाला. बैलं आणाले माणूस धाडला. बैलं येतलोक पोर गेली. पोटातलं लेकरूही गेलं." त्यांनी पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. "लढाईत साहेबांच्या गाड्या चालवल्या म्हणे यानं. बहीण नाही नेता आली."

किसनानं मान खाली घातली होती.

आमचे मालक उस्मानभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "नई प्लेट डाल और रवाना कर. घरचं भांडण हाय, आपल्याले काय?"

"मालक, तिसरीही जळंल. कारण सापडल्याशिवाय कसा सोडू?"

"तो फिर जल्दी सापडव."

मी गाडीभोवती फिरलो आणि टायरांशी थांबलो. ते ह्या गाडीचे नव्हते. फार मोठ्या ट्रकचे होते. ते मावावेत म्हणून मडगार्ड छिन्नीनं कापलेले होते. टायर छातीला लागत होते. कुणालाही वाटावं, ही गाडी कुठंही जाईल.

नवी प्लेट टाकली. गाडीत वाळूची पोती भरली आणि वडाळीच्या तलावाकडे नेली. तिथं बांधावर जायला खडा चढ होता. आत्मारामजी खाली उभे राहिले. किसना माझ्या शेजारी बसला. काठच्या चिखलातून गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मोठ्या टायरचा तो फायदा खराच आहे. बूड रुंद, म्हणून रुतत नाही. गाडीचं पोटही उंच राहतं.

मग चढ आला. मी पहिल्या गियरात टाकली. गाडी थोडी वर गेली, थरथरली आणि बंद पडली. ब्रेकवर धरून पुन्हा सुरू केली. इंजिन वाढवलं, क्लच हळूहळू सोडला. प्लेट घासायला लागली. जळका वास आला तसा मी पाय काढला आणि गाडी मागं घेतली.

आत्मारामजी जवळ आले. "तुमालेही नाही चढली?"

"नाही. कोणालाच नाही चढणार."

"काहून?"

मी त्यांना बांधावर बसवून समजावून सांगितलं. "आत्मारामजी, चढावर तुम्ही लांब लांब ढांगा टाकता का? नाही. आखूड पावलं टाकता, म्हणून दम पुरतो. गाडीचंही तसंच. चाक एक फेरा मारतं, ते तिचं एक पाऊल. टायर मोठा घातला की पाऊल लांबलं. इंजिन मात्र तेवढंच. मग पहिला गियर पहिल्यासारखा ओढत नाही, दुसऱ्यासारखा ओढतो. सपाटीवर कळत नाही. चिखलात टायर रुतत नाही म्हणून भागून जातं. चढावर ओढ कमी पडते. मग इंजिन बंद पडतं, नाहीतर प्लेट जळते."

"मंग यावर इलाज?"

"एक तर जुने टायर परत घाला. नाहीतर ॲक्सलच्या पोटात क्राउन-पिनियन म्हणून दातेरी चाकांची जोडी असते, ती बदला. पुढची आणि मागची, दोन्ही. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे फेरे जास्त पडतील. ओढ परत येईल, स्पीड तेवढी कमी होईल." मग मी सहज विचारलं, "हे टायर बसवले कोणी?"

किसना पटकन बोलला, "मीच बसवले. लष्करात पाह्यले होते, हौस होती."

आत्मारामजी त्याच्याकडे पाहतच राहिले. मला वाटलं, आता हात उचलतात.

"खोटं बोलून राहिला तो," ते म्हणाले. "टायर म्या आणले मिस्त्री. मागच्या बहाराच्या वक्ती माल घेऊन गाडी चिखलात फसली. तवा म्या म्हटलं, सगळ्यायहून मोठे टायर आणतो. यानं सांगतलं होतं, बाबा, हे नका घालू, चढावर दम नाही राह्यचा. म्या म्हटलं, तू साहेबाच्या गाड्या चालव, माह्या गाडीत अक्कल नको शिकवू."

बांधाखाली धोबी कपडे आपटत होते.

"किसना," आत्मारामजी म्हणाले, "टायरामुळंच गाडी अडली, हे तुले ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी समजलं होतं. नाल्यातच."

"मंग इतके महिने बोलला काहून नाही? म्या तुले गावासमोर काय काय म्हटलं!"

"बोलून यमी आली असती काय, बाबा?"

आत्मारामजींनी उठायला बांधाला हात टेकला. किसनानं खांद्याला धरून त्यांना उभं केलं. गाडीकडे आल्यावर ते केबिनमध्ये चढले नाहीत. टांगा करून गॅरेजवर परत आले.

मोठे टायर ठेवायचे ठरलं, कारण चिखल काही सुटणार नव्हता. किसनानं नागपूरच्या डिस्पोजलच्या ढिगातून मोडक्या गाड्यांचे ॲक्सल हुडकून आणले. आम्ही क्राउन-पिनियनच्या दोन्ही जोड्या बदलल्या. मोठ्या चाकांना थांबवायलाही जोर जास्त लागतो, म्हणून ब्रेकचं लायनिंग नवीन केलं. पुन्हा वाळूची पोती, पुन्हा तोच चढ. गाडी सावकाश, एका सुरात वर गेली. मधे थांबवली, तिथूनच परत उचलली. प्लेटीला वाससुद्धा नाही.

आत्मारामजी गाडी न्यायला आले होते. काम चांगलं झालं, असं तोंडानं म्हणाले. मग हळू आवाजात विचारलं, "हे गियर तवा असते, तं त्या दिवशी चढली असती?"

मला विचार करायला वेळ मिळाला नाही. "चढली असती," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जोडे घातले आणि मोटर स्टँडच्या वाटेनं चालू लागले. किसना ट्रक घेऊन एकटाच गावी गेला. ते दिसेनासे झाल्यावर उस्मानभाई माझ्यावर चिडले. "अरे, नाही म्हटलं असतं तं तुझ्या बापाचं काय गेलं असतं? इतना सच किस काम का?" मी पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरलो.

पुढच्या पावसाळ्यात किसनानं त्या गाडीतून आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी बाया-माणसं दवाखान्यात आणली. सगळी वेळेवर पोचली. गाडी सर्व्हिसला आली की तो मला एकेकीचं सांगे. कुणाला मुलगा झाला, कुणाला जुळं. वडलांचं मी विचारलं की एवढंच म्हणे, "बाबा गाडीत बसत नाही."

दिवाळी झाली आणि तो डोकं भादरून आला, तेव्हाच मी समजलो.

"बाबाच्या पोटात दुखणं निंगालं," तो म्हणाला. "म्या गाडी दारात लावली. हाता-पाया पडलो. म्हणे, जे माह्या पोरीले नाही भेटलं, ते मले नको. बैलबंडीतच बसले. रस्त्यात जीव घाबरला तं उचलून गाडीत घालता येईन, म्हणून म्या मागून गाडी चालवत आणली. लोकायनं किती समजावलं. नाही ऐकलं. दवाखान्यात पोचलो तवा डॉक्टर म्हणे, काल आणाले पाह्यजे होतं."

मी चहा मागवला. तो त्यानं तसाच ठेवला.

"नाल्याच्या त्या दरडीवर बैलं अडखळले," तो म्हणाला. "म्या मागं उभा होतो, पहिल्या गियरात. बंडी वर गेली तशी गाडी घातली. पूर्ण रस्ता बैलाच्या चालीनं आणली मिस्त्री. एकदाही बंद नाही पडली."

टायर मोठे घालायचे असतील तर क्राउन-पिनियन त्याच दिवशी बदलून घ्यावी, मागाहून नाही. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे सांगत आलो. बहुतेक जण नुसते टायर घालून घेऊन जात.